कंबर एका डॉक्टरकडे, छाती दुसऱ्याकडे

पेसमेकर बसवून तीन वर्षं झाली होती आणि कंबर त्याच्या कितीतरी आधीपासून दुखत होती. त्यामुळे ही दोन दुखणी माझ्या डोक्यात दोन वेगळ्या फायलींत होती. छातीची फाईल साताऱ्याच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यायची, कमरेची गावातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे. एकीकडची फाईल दुसरीकडे दाखवावी असं मला कधी सुचलं नाही आणि ती कोणी मागितलीही नाही. जे घडलं ते एवढ्यामुळेच घडलं.

मी एसटीत ड्रायव्हर होतो. १९८४ ला लागलो, २०१६ ला अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झालो. वाई-पाचगणी-महाबळेश्वर ही लाईन मी सगळ्यात जास्त केली. पसरणीचा घाट दिवसातून चार-चार वेळा. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या जुन्या गाड्या, बाजूला तापलेलं बॉनेट, बसून बसून दबलेली सीट. वळणावर खांद्यापासून कमरेपर्यंत सगळं अंग लावल्याशिवाय स्टीअरिंग फिरायचं नाही. आमच्या वेळचे ड्रायव्हर आज भेटले की तब्येतीची चौकशी कमरेपासूनच सुरू होते.

छातीचं दुखणं मात्र अचानक आलं. फेब्रुवारी २०२१, हळद शिजवायचे दिवस. शेतात उभ्या उभ्या कोसळलो. दवाखान्यात नाडी ३४ भरली. डॉक्टर म्हणाले, ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक.’ घरच्यांना वाटलं नळी तुंबली, आता स्टेंट टाकणार. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा ‘किती टक्के ब्लॉक?’ असंच विचारायचा. हा ब्लॉक तसला नसतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याला ठोक्याचा जो इशारा जातो, त्याची वाट तुटलेली असते. इंजिन चांगलं, वायरिंग तुटलं, असं मी मला समजेल त्या भाषेत समजून घेतलं. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र बसवलं आणि त्याच्या दोन तारा शिरेतून हृदयात सोडल्या. मी घाबरलो होतो, तेव्हा डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली. माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसला तो १९५८ साली, स्वीडनमध्ये, आर्ने लार्सन नावाच्या माणसाला. पहिलं यंत्र काही तासच चाललं. पण तो माणूस एकामागून एक सव्वीस पेसमेकर वापरत २००१ पर्यंत जगला. माझा जन्मही १९५८ चा. त्या रात्री मला झोप लागली ती या गोष्टीमुळे.

त्याच वेळी पोरानं एक निर्णय घेतला होता. ज्याच्यासकट एमआरआय करता येतो असा पेसमेकर आणि येत नाही असा, असे दोन पर्याय होते आणि पहिला महाग होता. मी म्हणालो, ‘मला कशाला लागतोय एमआरआय?’ तो म्हणाला, ‘अण्णा, तुमची कंबर विसरलात का?’

तर जून २०२४. कंबर फारच धरली म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे पाहिला, गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीवर दहा दिवसांची फिजिओथेरपी लिहून दिली: आयएफटी आणि एसडब्ल्यूडी. आपल्याकडे याला नुसतं ‘करंट’ आणि ‘मशीनचा शेक’ म्हणतात. क्लिनिकमध्ये नाव, वय, बीपी, शुगर विचारलं. पेसमेकरचं कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मी कंबर दाखवायला आलो होतो.

पहिले दोन दिवस ओल्या स्पंजाचे चार पॅड कमरेला लावले. मुंग्या आल्यासारखं वाटायचं, बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी पाठ वरपर्यंत आखडली होती, म्हणून मीच सांगून दोन पॅड वर, बरगड्यांच्या मागे लावून घेतले. करंट थोडा वाढवायलाही मीच सांगितलं. मिनिटभरात पालथ्या पडल्या पडल्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कान बंद झाल्यासारखे झाले. शेतात पडताना अगदी असंच झालं होतं, म्हणून मला ते लगेच ओळखता आलं. कसंबसं ‘बंद करा’ म्हणालो. उपचार देणाऱ्या क्लिनिकमधल्या मुलीनं मशीन बंद केलं आणि दोन-चार श्वासांत सगळं जागेवर आलं.

उपाशी आलात का, असं तिनं विचारलं. पाणी दिलं. मग म्हणाली, आज करंट राहू दे, नुसता शॉर्ट वेव्हचा शेक देऊ, आणि ते मोठं मशीन ढकलत आणलं. मी उठून बसताना सदरा सावरत होतो. वरचं बटण उघडं होतं. तिची नजर गळपट्टीखालच्या उंचवट्यावर गेली.

‘आजोबा, हे काय आहे?’

मी सांगितलं. तिनं मशीनचा प्लग भिंतीतूनच काढला आणि मशीन खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. तिचे हात थरथरत होते. आजच्या आज हृदयाच्या डॉक्टरांकडे जा, असं तिनं मला दोनदा बजावलं आणि केसपेपरवर काय काय दिलं ते वेळेसकट लिहून दिलं. त्या मुलीचा मला आजही राग येत नाही.

दुपारच्या गाडीनं साताऱ्याला गेलो. पेसमेकर तपासताना छातीवर एक गोल तबकडी धरतात आणि यंत्रात साठलेली सगळी नोंद पडद्यावर येते. टेक्निशियन खाली खाली जात थांबला. ‘काका, आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुम्ही काय करत होतात?’ मी केसपेपर पुढे केला. वेळ तीच.

पडद्यावर त्यानं मला ती पट्टी दाखवली. जिथे एकेक ठोका सुटा दिसायला हवा, तिथे दाट गिचमीड होती. हृदयाचा स्वतःचा ठोका काही मिलिव्होल्टचा असतो. तेवढी बारीक कुजबुज ऐकायला यंत्राच्या तारा कान लावून बसलेल्या असतात. बाहेरून करंट आला की यंत्राला वाटतं, हृदय आपलं आपण चाललंय, मग आपण कशाला ठोका द्यायचा? आणि ते गप्प बसतं. कधी कधी ते गोंधळ ओळखतं आणि ठरलेल्या गतीनं ठोके देत राहतं. माझ्या बाबतीत ते आधी काही सेकंद गप्प बसलं, मग सावरलं. मग टेक्निशियननं यंत्राची गती हळूहळू खाली आणून माझं हृदय स्वतःच्या बळावर किती चालतं ते पाहिलं. तिशीच्या खाली जाताच मला घेरी यायला लागली आणि त्यानं गती परत वर नेली. मी पूर्णपणे यंत्रावर अवलंबून आहे हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. ज्यांचा पेसमेकर अधूनमधूनच काम करतो त्यांना अशा करंटचा कदाचित पत्ताही लागणार नाही. ज्यांच्या छातीत झटका देणारं यंत्र, आयसीडी, असतं त्यांची गोष्ट उलटी. ही गिचमीड त्या यंत्राला हृदयाची धोकादायक धडधड वाटू शकते आणि ते शुद्धीतल्या माणसाला झटका देऊ शकतं.

शेकाच्या मशीनबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलं त्यानं मात्र माझ्या अंगावर काटा आला. शॉर्ट वेव्ह म्हणजे रेडिओसारख्या लहरी. शरीरातली तार त्या लहरी पकडते आणि तारेचं टोक तापतं. माझ्या तारेचं टोक हृदयाच्या स्नायूत रुतलेलं आहे. अमेरिकेच्या एफडीएनं डिसेंबर २००२ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता, कारण मेंदूत उत्तेजक यंत्र बसवलेले दोन रुग्ण असा शेक घेतल्यानंतर दगावले होते. यंत्र बंद करून ठेवलं तरी उपयोग नाही. यंत्र काढलं आणि तार आतच राहिली, तरीही हा शेक नाही. रबरी पिशवीतलं गरम पाणी, वाळूची पुरचुंडी, याला काही हरकत नाही. मशीनच्या लहरींचा शेक आयुष्यात कधीच नाही.

त्याच भेटीत गोळ्यांचा विषय निघाला. वर्षभरापूर्वी यंत्राच्याच नोंदीत वरच्या कप्प्याची अनियमित थरथर सापडली होती आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली होती. ‘कंबरेसाठी काय घेता?’ असं डॉक्टरांनी विचारलं. मेडिकलमधून आणतो ती दुखीची गोळी, लागेल तशी. ती डायक्लोफेनॅक निघाली. नव्या चिठ्ठीतही त्याच जातीची गोळी होती. पातळ रक्तावर ही गोळी म्हणजे पोटात रक्तस्राव होण्याचा धोका, वर बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा आकडा, १.६ आलं, हवं त्यापेक्षा जास्त. त्या दिवसापासून ती गोळी बंद. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापात पॅरासिटामॉल, एवढंच हातात उरलं. आपल्याकडे ही गोळी चहासाखरेसारखी आणली जाते. हृदयाचं काहीही असलेल्या माणसानं ती घेण्याआधी एकदा विचारावं, हे मला कळकळीनं सांगायचं आहे.

पुढे काय, हा प्रश्न होता. सगळ्या कंबरदुखीला एमआरआय लागत नाही आणि मलाही कदाचित लागला नसता. पण मी सहज बोलून गेलो की चालताना डाव्या पायातली चप्पल निसटते आणि मला कळतही नाही. डॉक्टरांनी पायाचा अंगठा वर उचलायला सांगितला. उजवा उचलला, डावा त्यांच्या बोटाखाली दबला. म्हणजे कण्यात नस दाबली जात होती आणि कुठे, ते पाहणं भाग होतं.

जवळच्या एका सेंटरनं ‘पेसमेकर’ शब्द ऐकताच फोन ठेवला. अशांना दोष देऊन उपयोग नाही, कारण तयारी नसताना ‘हो’ म्हणणारा जास्त धोक्याचा. पुण्याच्या ज्या ठिकाणी होकार मिळाला तिथे आधी आठ दिवस कागद चालले. पेसमेकरचं कार्ड, यंत्राचा मॉडेल नंबर, दोन्ही तारांचे वेगळे नंबर. यंत्र एमआरआय चालणारं असून भागत नाही, तारांनाही तशी मान्यता लागते. आत एखादी जुनी सोडून दिलेली तार नाही ना, यासाठी छातीचा एक्स-रे. यंत्र बसवून सहा आठवडे झालेत का, ते पाहिलं. हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र घेतलं. माझ्या यंत्राला १.५ टेस्लाच्या मशीनची मुभा होती; टेस्ला म्हणजे एमआरआयच्या चुंबकाच्या ताकदीचं माप. ते कार्ड मी तीन वर्षं कपाटात, घराच्या कागदपत्रांखाली ठेवलं होतं. आता ते पाकिटात असतं, आधारकार्डाच्या पुढे.

त्या दिवशी कंपनीचा टेक्निशियन आला. त्यानं यंत्र एमआरआय मोडला टाकलं. म्हणजे बाहेरचं काही ऐकायचं नाही आणि ठरलेल्या गतीनं ठोके देत राहायचं. घाटाच्या उतारावर गाडी एका गिअरला लावून सोडावी, तसं. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, अंगावर ईसीजीच्या वायरी, बाहेर डॉक्टर आणि झटक्याचं मशीन तयार. आत आवाज पुष्कळ झाला, पण मला काहीच वेगळं जाणवलं नाही. बाहेर येताच टेक्निशियननं तारा तपासल्या आणि मोड परत पहिल्यासारखा केला. ही परत करण्याची पायरी झाली का, हे आपण तोंडानं विचारावं. मी विचारलं आणि त्यानं मला पडदा फिरवून दाखवला.

कमरेत चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी नसांची नळी अरुंद झाली होती, सांध्यांची झीज होती. उभं राहिलं, चाललं की पाय भरून यायचे आणि सायकलच्या हँडलवर वाकून उभा राहिलो की बरं वाटायचं, त्याचं कारण आता समजलं. वाकलं की ती नळी जराशी मोकळी होते.

पर्याय तिन्ही समजावून दिले. मणक्यात इंजेक्शन द्यायचं तर रक्त पातळ करणारी गोळी काही दिवस थांबवावी लागेल आणि ते हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. सांध्यांच्या बारीक नसा रेडिओफ्रीक्वेन्सीनं जाळायच्या तर तोही करंटच, यंत्राची सोय लावूनच करता येईल. ऑपरेशन करायचं तर रक्त थांबवायला वापरतात त्या विजेच्या सुरीचीही आधी तजवीज हवी. यातलं काहीच अशक्य नव्हतं. फक्त दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं झाल्याशिवाय करायचं नव्हतं. सगळ्यांचं मत पडलं की अंगठ्याची ताकद आणखी घटत नसेल तर आधी तीन महिने व्यायाम. लघवी अडली, ताबा गेला किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला तर मात्र रात्र-दिवस न बघता यायचं.

रात्रीसाठी नसांची एक गोळी दिली होती. तिनं पहिल्या आठवड्यात चक्कर यायची आणि दर वेळी काळजात धस्स व्हायचं, की गोळीची चक्कर की यंत्राची? बायकोनं यावर डॉक्टरांना उपाय विचारून घेतला. माझ्या यंत्राचा खालचा आकडा ६० आहे. चक्कर आली की मनगटावर बोटं ठेवून घड्याळात मिनिटभर मोजायचं. साठ किंवा वर असेल तर बहुधा गोळी, खाली असेल तर ताबडतोब दवाखाना. ती मोजायची, मी पडून राहायचो. एकदाही साठच्या खाली गेलं नाही.

पुण्याच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला आधी छाती दाखवायला सांगितली, मग कंबर. मी त्यांना विचारलं, ‘करंट नाही, शेक नाही, मग माझ्यासाठी राहिलं काय?’ मला खरंच वाटत होतं की खरे उपचार इतरांसाठी आहेत आणि मला उरलंसुरलं मिळणार. त्या म्हणाल्या, ‘काका, तुमचं काहीच हुकलेलं नाही.’ जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शन काढलं. त्यात टेन्स म्हणजे कातडीवर पॅड लावून दिलेला करंट, अल्ट्रासाउंडचा उपचार, ट्रॅक्शन म्हणजे कणा ताणून ओढणं, कमरेचे पट्टे हे नेहमीच्या उपचारांत नकोत असंच म्हटलंय, पेसमेकर असो वा नसो. व्यायाम मात्र करा म्हटलंय. जे मला वर्ज्य होतं, त्यातलं बरंचसं इतरांनाही फारसं उपयोगी नव्हतं. या एका वाक्यानं माझ्या मनावरचं जे ओझं उतरलं, ते कोणत्याही शेकानं उतरलं नसतं.

जावयानं प्रेमानं आणलेला चुंबकाचा पट्टाही मी त्यांना दाखवला. चुंबक यंत्राजवळ आलं की यंत्राचं वागणं बदलतं, म्हणून ते किमान १५ सेंटिमीटर, वीतभर, दूर हवं. कमरेला बांधलेला पट्टा तेवढा दूर राहतो, पण काढताना, घडी घालताना तो छातीशीच येतो, आणि चुंबकाच्या गादीवर तर झोपायचंच नाही. त्यानं कंबर बरी होते असा पुरावाही नाही. जावयाला तसं समजावून सांगितलं, त्याला वाईट वाटलं नाही. मोबाईल तेव्हापासून डाव्या वरच्या खिशात ठेवत नाही.

व्यायाम साधे होते. उताणं पडून एकेक गुडघा छातीशी, मग दोन्ही. कंबर जमिनीला टेकवून पोट आत धरायचं. पाय दुमडून बैठक उचलायची, श्वास न रोखता. खुर्चीत बसून पुढे वाकायचं. अंगठा वर उचलायचा, दिवसात शंभरदा. चालायचं ते तुकड्यांत: पाय भरून यायच्या आत बसायचं, मग पुन्हा उठायचं. पहिल्या आठवड्यात सलग चार मिनिटं. घरापासून कृष्णेच्या घाटापर्यंत जायला मला मध्ये तीन वेळा बसावं लागायचं, एकदा दुकानाच्या पायरीवर, एकदा पारावर, एकदा कुणाच्याही ओट्यावर. लोक विचारायचे, मी सांगायचो. दिवाळीपर्यंत बारा मिनिटं सलग जमू लागली. संक्रांतीला बावीस.

मध्ये एकदा त्या पहिल्या क्लिनिकमध्ये गेलो. तक्रार करायला नव्हे. यंत्राची नोंद आणि एमआरआयचे कागद त्या मुलीला दाखवावेत असं वाटलं. तिनं सगळं नीट वाचलं, दोन पानांचे मोबाईलवर फोटो काढले. मग कोऱ्या केसपेपरांचा गठ्ठा काढून दाखवला. बीपी-शुगरच्याही वर आता एक ओळ छापलेली होती: ‘अंगात पेसमेकर किंवा दुसरं कोणतं यंत्र, तार, पंप आहे का?’ तिनं विचारलं, अजून काय लिहू? मी म्हणालो, ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्रही लिही, कॉक्लिअर इम्प्लांट. आणि ‘होतं का’ असंही लिही, कारण काढलेल्या यंत्राची तार आत राहिलेली असते. तिनं तिथेच पेनानं वाढवलं.

सकाळी उठताना कंबर अजून दुखते. थंडीत जास्त. अंगठ्याची ताकद अर्धीअधिक परत आली आहे. चप्पल सोडून मी मागे पट्टा असलेले सँडल घेतलेत. इंजेक्शन लागलं नाही, ऑपरेशनची वेळ आलेली नाही. पेसमेकरची पुढची तपासणी आषाढात आहे. दोन्ही फायली आता एकाच पिशवीत असतात आणि पिशवी दाराशेजारच्या खुंटीला.